सतरा नंबरचा चिमटा

माझी वहिनी चिमट्याने मारते. जोरात नाही, पण लागतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी तिचं कौतुक करणार आहे, आणि मग कुणी म्हणायला नको की दीर एवढा गोडगोड बोलतोय म्हणजे त्याचं काहीतरी काम अडलं असणार. काम काही अडलेलं नाही. दंडावर, पाठीवर, बोटांवर मार खाल्लेला माणूस आहे मी, आणि तरी बोलतोय.

आमचा कारखाना पाकिटांचा. पाकिटात जे असतं ते आम्ही करत नाही, नुसती पाकिटं करतो. बिस्किटांची, चिप्सची, गोळ्यांची. दुकानात माळेसारखी लटकत असतात ना, ती चकचकीत. मोठ्या रोलवर फिल्म छापायची, थरावर थर चिकटवायचे, कापायची आणि रवाना करायची. मी कापणीच्या मशीनवर आहे. शेडच्या टोकाला, हात धुवायच्या नळाशेजारी, वहिनीचं काउंटर. एक ओटा, चहाची टाकी, मागे दोन फळ्या आणि तिच्या हातात हातभर लांबीचा स्टीलचा चिमटा. खाण्याच्या वस्तूला ती कुणाचा हात लागू देत नाही. केळंसुद्धा चिमट्यानं उचलून देते. कुणी मध्ये बोटं घातली की टण्णकन बसलाच. म्हणून अख्खा कारखाना तिला चिमटाकाकू म्हणतो. खरं नाव आहे तिला, पण ते फक्त हजेरीच्या वहीत.

मी दहावीत होतो तेव्हा ती लग्न होऊन आमच्या घरात आली. आल्या आल्या मला ‘भाऊजी’ म्हणाली, आणि मिसरूडही न फुटलेला मी असा काही फुगलो की आठवडाभर आईला दाद देईना. तेव्हापासून ती मला अहो-जाहो करते. झापतेसुद्धा अहो-जाहो करूनच. “भाऊजी, अक्कल कुठे चरायला गेलीय तुमची?” हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल.

माझा दादा घड्याळं दुरुस्त करतो. देवमाणूस, पण अबोल. दिवसभरात जे काही बोलतो ते घड्याळांशीच. मुली दोन, दोघी लग्न होऊन लांब. म्हणजे घरात ऐकू काय येतं, तर टिकटिक. आणि वहिनी कशी, तर तिला दर पाच मिनिटांनी कुणालातरी काहीतरी विचारावंच लागतं. तेव्हा एकोणीस वर्षं ती जे काही बोलली, हसली, भांडली, ते सगळं त्या काउंटरवर. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचं बायकोशी वाजलं, कुणाला साखर झाली आणि तो लपवतोय, सगळं तिला ठाऊक. आमचा फोरमन आहे ना, दर कामाला ‘पाव मिनिटात होतं’ म्हणतो म्हणून त्याला आम्ही पावमिनिट म्हणतो, त्याची आई गेली तेव्हा तो महिनाभर कुणाशी धड बोलला नव्हता. वहिनी रोज चहाचा कप त्याच्यासमोर ठेवायची आणि तो संपेपर्यंत उभी राहायची. बोलायची नाही. न बोलता उभं राहणं तिला किती जड गेलं असेल ते मलाच माहीत.

तर अशा ह्या आमच्या कारखान्यात एके दिवशी डॉक्टर आले. सगळ्यांची तपासणी झाली. साठ माणसांत तेवीस जणांना साखर किंवा रक्तदाब, आणि उरलेल्यांतले निम्मे रांगेत. त्यामागोमाग मुख्य ऑफिसातून एक मॅडम आल्या. गळ्यातल्या कार्डावर लांबलचक पद होतं, त्यातलं ‘सामाजिक जबाबदारी’ एवढंच आम्हाला कळलं, म्हणून त्या झाल्या जबाबदारीवाल्या मॅडम. बाई हुशार, पायात खेळायचे बूट, बोलणं मोजकं. म्हणाल्या, कंपनी गावभर झाडं लावते, शाळांना वह्या देते, पण आपल्याच माणसांना चार वाजता काय खायला घालते? तळलेलं, गोड, आणि तेही पाकिटातून. आजपासून चारचा खाऊ निरोगी आणि हिरवा. फळं, काकडी, गाजर, उकडलेले हरभरे, मका, भाजलेले शेंगदाणे. पाकीट नाही, फेकायची ताटली नाही, कागदी कप नाही.

इथपर्यंत ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, “दोन महिने बघू. लोक खात असतील आणि कचरा कमी झाला असेल, तर काउंटर काकूंकडेच राहील. नाहीतर बाहेरच्या कंपनीला देऊ, त्यांचं चहा-खाऊचं मशीन येईल.”

मी वहिनीकडे बघितलं. ती ओटा पुसत होती. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती.

संध्याकाळी घरी जाताना म्हणाली, “भाऊजी, मी घरी बसले तर काय करीन हो? भिंतींना चहा पाजीन?” हसत म्हणाली.

पहिला आठवडा नुसता फजितीचा. मॅडमनी भिंतीवर मोठमोठी चित्रं लावली होती, त्यात एक गोरीगोमटी मुलगी सफरचंदाकडे बघून हसतेय. आमची माणसं त्या मुलीकडे बघायची, सफरचंदाकडे बघायची आणि चहा घेऊन निघून जायची. कापलेले पेरू सुकले. हरभऱ्यांचं पातेलं भरलेलंच परत जायचं. पोरं बाहेरून पाकिटं आणून मशीनमागे लपून खायला लागली. आता लपवत कशाला, मीही. माझ्या हत्यारांच्या पेटीत पान्यांखाली क्रीमच्या बिस्किटांचे दोन पुडे होते.

सापडलो. शर्टावर चुरा होता. वहिनीनं चिमट्यानं तो चुरा एकेक कण करून उचलला, माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, “घरचेच लोक असे, मग मी परक्यांना काय बोलू?”

मला एवढी शरम वाटली की मी चिडलो. माझं असंच आहे, शरम वाटली की राग येतो. म्हटलं, “वहिनी, तू जरा माझे हात बघ! ह्या हातांनी पेरू खाऊ?”

तिनं बघितले. काळी, निळी, लाल शाई नखांत. आणि सॉल्व्हंटचा वास, शाई पुसायचं ते पातळ द्रव, दोनदा साबण लावल्याशिवाय जात नाही. नळ एक, माणसं साठ, सुट्टी पंधरा मिनिटांची. पाकीट असलं की कसं, कोपरा दातांनी फाडायचा आणि तोंडात उलटं करायचं. हात लागायचा प्रश्नच नाही. हे आम्ही वीस वर्षं करत आलो आणि कुणी कधी बोललो नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे हेच कुणाला कळलं नव्हतं.

वहिनीनं पेरूची एक फोड चिमट्यात धरली आणि म्हणाली, “आ करा.”

“काय?”

“तोंड उघडा, भाऊजी! ऐकू येत नाही?”

साठ माणसांदेखत मी आ केला. तिनं फोड तोंडात घातली. मागून पावमिनिट ओरडला, “काकू, मला नाही का?” त्यालाही भरवली. मग काय, पिल्लांसारखी रांग लागली तोंडं उघडून! हसून हसून एकाला ठसका लागला. पंधरा मिनिटांत पेरूचं ताट रिकामं.

पण साठ तोंडांना रोज एकटी कशी पुरणार? दुसऱ्याच दिवशी ती वर्कशॉपमध्ये गेली. तिथे स्टेनलेसच्या पट्टीचे उरलेले तुकडे ढिगानं पडून असतात. तिथला फिटर स्वभावाने तुसडा, कुणाला एक खिळा मागून देणार नाही. तिनं त्याला काय सांगितलं देव जाणे, पण चार दिवसांत त्यानं वीतभर लांबीचे साठ चिमटे वाकवून, कडा घासून गुळगुळीत करून, प्रत्येकावर नंबर ठोकून दिले. भिंतीवर साठ खिळे, साठ चिमटे, खाली साठ स्टीलच्या वाट्या. माझा नंबर सतरा. कारखान्याच्या साहेबांना गाठून तिनं नळही एकाचे चार करून घेतले.

आणि सांगतो, मोठ्या माणसांना स्वतःची वस्तू मिळाली की ती लहान मुलांहून लहान होतात. कुणी चिमट्याला रंगीत तार गुंडाळली. कुणी एकेक शेंगदाणा हवेत उडवून चिमट्यात झेलायचा सराव सुरू केला. डॉक्टरांच्या यादीतल्या त्या तेवीस जणांची आपसात पैज, कोण महिनाभर गोड सोडतो. मी हरभरे खायला लागलो. मी! माझ्या हत्यारांच्या पेटीत आता नुसती हत्यारं. मॅडमची ती सफरचंदवाली मुलगी भिंतीवर एकटीच हसत राहिली, तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

दोन महिने भरले. मॅडम शुक्रवारी चार वाजता येणार असा निरोप आला. काटा लावून आठवड्याचा कचरा तोलणार, लोकांना खाताना बघणार आणि मग ठरवणार. वहिनीची दोन रात्री झोप उडाली. आम्हाला वाटलं, तिच्यासाठी काहीतरी करायला हवं. असं काहीतरी की मॅडम बघतच राहिल्या पाहिजेत.

आता पुढचं सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो.

आमच्याकडे चाचणीच्या खोलीत एक छोटं पॅकिंग मशीन आहे. ग्राहकाला पाकिटाचा नमुना दाखवायला वापरतो. मी दुपारी वहिनीला म्हटलं, “पातेली तिकडे ठेवतो, गार जागा आहे.” ती बिचारी ‘बरं’ म्हणाली. छपाईवाल्यानं नमुन्याच्या रोलवर हिरवीगार पानं छापून आणली होती, मधोमध चिमट्याचं चित्र. फिल्म निवडली सगळ्यात भारी, तीन थरांची, परदेशी जाणारी. मी स्वतः मशीनची आच वाढवली, म्हणजे शिवण कशी पक्की बसावी! पावमिनिट वाट्या भरून देत होता. साठ पाकिटं झाली, हरभऱ्यांची आणि मक्याची. एक पाण्यात दाबून बघितलं, बुडबुडा नाही. एवढं देखणं काम आम्ही वर्षात केलं नव्हतं. पावमिनिटाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पावणेचारला ताटं घेऊन, वर पांढरं कापड टाकून, मिरवत काउंटरवर गेलो. वहिनीनं कापड उचललं.

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

“भाऊजी, हे काय?”

“पाकिटं.”

“कशाला?”

“अगं, पाहुणे येणार! त्यांच्यापुढे उघडंवाघडं कसं ठेवायचं?”

आणि हे बोलल्यावर माझंच वाक्य मला ऐकू आलं. मागे पावमिनिट ‘अरे देवा’ म्हणाला. आम्ही आठ-दहा जण होतो त्या कामात, आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! आमच्या मते चांगल्या वस्तूचा मान करायचा म्हणजे तिला चांगल्या पाकिटात घालायचं. दुसरी कुठली रीत आम्हाला येतच नाही.

वहिनीनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “फाडा. सगळी. लवकर.”

पण फाटेनात! पाकीट फाडायला काठावर एक छोटी खाच ठेवतात, ती आम्ही ठेवलीच नव्हती, आणि शिवण तर मीच ठोकून पक्की केलेली. नखांनी होईना, ओढून होईना. कात्री एक, ती कुठे ते कुणाला आठवेना. गलका ऐकून बाकीचेही धावत आले, आणि शेवटी सगळे दातांवर आले. साठ माणसं साठ पाकिटं दाढांत धरून मान झटकतायत, आणि दारातून मॅडम आत आल्या. बरोबर साहेब.

सगळे जिथल्या तिथे थांबले. माझ्या दातांत अजून पाकीट तसंच.

साहेबांची तर पाचावर धारण बसली. म्हणाले, “मॅडम, ही… ही पाकिटांच्या टिकाऊपणाची चाचणी चालू आहे.”

“खोटं कशाला, साहेब?” वहिनी म्हणाली. ती ओट्याबाहेर येऊन उभी राहिली. “मॅडम, हा माझा दीर. ही सगळी माझीच माणसं. माझं काउंटर राहावं म्हणून त्यांनी खाऊ नटवून आणला. ह्यांना नटवायचं म्हणजे एवढंच येतं. चूक झाली. रोज असं नसतं.”

तेवढ्यात चारचा भोंगा झाला, आणि दोन महिन्यांची सवय, लोकांचे हात आपोआप भिंतीकडे गेले. ज्यांची पाकिटं फाटली होती त्यांनी ती वाटीत ओतली, ज्यांची नव्हती त्यांनी काकडी-गाजरावर मोर्चा वळवला. साठ चिमटे खळखळ वाजायला लागले. मॅडम बराच वेळ ते बघत उभ्या होत्या. मग फाटलेल्या पाकिटांसकट आठवड्याच्या कचऱ्याची गोणी रोल तोलायच्या काट्यावर ठेवली. आकडा इतका कमी की साहेबांचा जीव भांड्यात पडला. “बघा मॅडम! आजची पाकिटं धरूनसुद्धा पूर्वीच्या पावपटही नाही!”

मीही सुटकेचा श्वास सोडला. झालं, वाचलो.

आणि वहिनी म्हणाली, “नाही मॅडम. ह्या काट्यावर जाऊ नका.”

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं! मी तिला डोळ्यांनी खुणावतोय, गप्प बस, गप्प बस. ती कसली ऐकते!

“पाकिटाला वजनच नसतं. आमची माणसं ते मुद्दाम हलकं करतात, त्यातच तर त्यांची कारागिरी. काट्याला ते कळत नाही. ते उडून जातं ना, ते कुठे जातं ते बघा.”

ती पुढे, मॅडम मागे, त्यांच्यामागे आम्ही साठ जण चिमटे हातात घेऊन, असे कारखान्याच्या मागच्या कुंपणाशी गेलो. तारेची जाळी, पलीकडे शाळेचं मैदान. मला ती जाळी चांगली आठवत होती. आमच्याच पाकिटांनी भरलेली असायची, उन्हात अशी चमकायची की तिकडे बघवत नसे. आणि आता जाळीत काहीही नव्हतं. नुसती जाळी, आणि तिच्यावर वॉचमनचे दोन बनियन वाळत घातलेले.

“हे कुणी साफ केलं?” मॅडमनी विचारलं.

वॉचमन म्हणाला, “काकूंनी. दोन महिन्यांपूर्वी, चार शनिवार येऊन, त्या चिमट्यानं एकेक उचलून. त्यानंतर पुन्हा भरली नाही. आधी इथं कपडे वाळत घालायची सोय नव्हती.”

एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. शनिवारी ती उशिरा यायची, मला वाटायचं बाजारात जाते.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, न फाटलेलं एक पाकीट पर्समध्ये टाकलं आणि गेल्या. हो नाही की नाही नाही.

वहिनीनं सतरा नंबरचा चिमटा खिळ्यावरून काढून आपल्या ओच्यात ठेवला. “निर्णय येईपर्यंत तुम्हाला चिमटा नाही, भाऊजी.” आठ दिवस! आठ दिवस मी चार वाजता सगळ्यांकडे बघत कोरडा चहा प्यायलो. ती माझ्याशी बोलतही नव्हती, आणि घरी दादा बोलत नाही, म्हणजे माझी अवस्था काय झाली असेल बघा. रात्री तिचा आवाज ऐकू यायचा. दादाला विचारायची, “अहो, घड्याळं उघडायला मला शिकवाल का?” दादा म्हणायचा, “शिकवीन.” ते ऐकून मला रडू यायचं.

नवव्या दिवशी चार वाजता पावमिनिट हातात कागद फडकवत आला आणि ओट्याजवळच्या स्टुलावर चढला. “काकू, पाव मिनिट ऐका!” पत्र मॅडमचं. काउंटर काकूंकडेच. शिवाय कंपनीच्या बाकी पाच कारखान्यांत असेच चिमटे आणि असेच नळ होणार, आणि ते कसं करायचं ते शिकवायला काकूंनी महिन्यातून एकदा तिकडे जायचं. येण्याजाण्याला कंपनीची गाडी. कचरा इथून पुढे काट्यावर नाही, कुंपणावर बघितला जाईल. आणि शेवटी एक ओळ मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिली होती. पावमिनिट वाचताना इतका हसायला लागला की पत्र दुसऱ्याला द्यावं लागलं. लिहिलं होतं, ‘पाकीट अजून उघडलेलं नाही. कृपया उपाय कळवावा.’

काय आरडाओरडा झाला! त्या तुसड्या फिटरनं दोन चिमटे एकमेकांवर आपटून ताल धरला. एकानं सफरचंदवाल्या मुलीच्या हातात खराखुरा चिमटा चिकटवला. वहिनी मधोमध उभी, पदराने डोळे पुसतेय, आणि पुसता पुसता एकाला झापतेय की काकडीच्या ताटाला कोपर लावू नकोस.

मी मागेच उभा होतो. कुठल्या तोंडानं पुढे जाणार? तिनं मला शोधलं. जवळ आली, ओच्यातून सतरा नंबरचा चिमटा काढला आणि माझ्या हातात दिला. तो चकाकत होता, ती रोज घासत असणार.

“भाऊजी,” ती म्हणाली, “पाच कारखाने आहेत. मी एकटी बोलून बोलून थकले तर? तुम्ही याल ना बरोबर?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तिनं तेवढ्यात आपल्या चिमट्यानं त्यात पेरूची फोड घातली.